गर्दीच्या मतांवर चालणारा प्रोग्रॅम: आता आकडे झाकले आहेत

कोड्यांचा क्रम लावणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चालू झाली. काम तेच: लोक कोडं सोडवतात, आवडलं की नाही ते सांगतात आणि त्यावरून पुढच्याला आधी कोणतं दाखवायचं ते ठरतं. या खेपेला बदल एकच, पण मोठा. स्वतःचं मत दिल्याशिवाय इतरांचा आकडा कुणालाही दिसत नाही.

कारण नीट सांगते. बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, याचे लोकांनी केलेले ७८७ अंदाज फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. मधला अंदाज होता १२०७ पौंड, प्रत्यक्षात भरले ११९८. प्रत्येकाने आपली चिठ्ठी वेगळी लिहिली होती, म्हणून कमी-जास्त चुकांनी एकमेकींना छेद दिला. याउलट सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ मधला प्रयोग. सुमारे १४,००० लोकांना अनोळखी गाणी ऐकवली. काहींना इतरांच्या डाउनलोडचे आकडे दाखवले आणि त्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटलं. दर गटात वेगळी गाणी वर चढली. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. माझी बहुतेक कोडी मधलीच, त्यामुळे हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

क्रमासाठी संख्याशास्त्रातलं विल्सनचं १९२७ चं सूत्र वापरते आहे, ९५ टक्के खात्रीची खालची मर्यादा: म्हणजे पडलेल्या मतांवरून, कोडं आवडणाऱ्यांचं प्रमाण निदान किती असेल. दोनपैकी दोघांना आवडलेलं कोडं ०.३४ वर राहतं, शंभरातल्या नव्वदांना आवडलेलं ०.८३ वर जातं. सरासरीने पहिलंच वर बसलं असतं.

पण एवढ्यावर भागत नाही. नव्या कोड्याला मतंच नसतात, म्हणून ते वर येत नाही. वर येत नाही म्हणून मतं मिळत नाहीत. यावर थॉम्प्सनची १९३३ ची पद्धत जोडते आहे: प्रत्येक कोड्याच्या बीटा वितरणातून (मतं पाहता ते आवडण्याचं प्रमाण कुठे असण्याची किती शक्यता आहे, ते सांगणाऱ्या आलेखातून) एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा आणि ज्याचा मोठा येईल ते दाखवायचं. मतं कमी असतील तर आकडे दूरवर पसरतात, आणि नवख्याला आपसूक संधी मिळते. किती सुरेख कल्पना आहे ही!

एकाच माणसाने अनेक खाती काढून दिलेली मतं ओळखणं अजून बाकी आहे. सध्या एकाच क्रमाने, थोड्याच वेळात पडलेली मतं वेगळी काढून ठेवते. यावर कुणी काम केलं असेल तर तुमची पद्धत जरूर सांगा.