वेंगुर्ले ते साळगाव : सामायिक कचरा प्रकल्प बघायला जाणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्गात नगरपालिकांच्या कचऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सगळ्यांनी मिळून एकच मोठा प्रकल्प करूया ना!" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा गोव्यातला साळगावचा प्रकल्प बघितलेला असतो, निदान त्याचे फोटो तरी. हा विचार वाईट नाही. पण एकत्र यायचं म्हणजे नेमकं काय एकत्र आणायचं, हे कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलं की आधी वेंगुर्ल्याची कचराभूमी बघायची आणि तिथून साळगाव गाठायचं. सोबत दोन माजी नगरसेविका होत्या. एक निवृत्त उपअभियंताही होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात.

निघण्याआधी घरी बसून एक हिशेब मांडा. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ, कणकवली ही पाच शहरं २०११ च्या जनगणनेनुसार मिळून ९० हजारांच्या आतच भरतात. छोट्या शहरात माणशी रोजचा कचरा ३०० ग्रॅम धरला तरी पाचांचा मिळून २५-२६ टन होतो. साळगाव २०१६ मध्ये सुरू झालं ते रोजच्या १०० टनांसाठी, आणि पुढे त्याची क्षमता २५० टनांपर्यंत वाढवली. म्हणजे तिथली यंत्रं बघून "अशीच आपल्याकडे हवीत" म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय साळगावला कचरा येतो तो गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीतून. कळंगुट, कांदोळी ही गावं हाकेच्या अंतरावर, हॉटेलं-शॅक दाटीवाटीने. आपल्याकडे कणकवली ते सावंतवाडी हेच अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास जातं, आणि देवगडला धरलं तर विचारूच नका.

वेंगुर्ल्याला सकाळी लवकर पोचा. घंटागाड्या परत येऊन रिकाम्या होतात ती वेळ साधली तरच काही कळतं. दुपारी गेलात तर झाडं, पायवाटा आणि फलक दिसतील. जुन्या डंपिंगची ही जागा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिचं रूप पालटलं, आणि इथलं २७ प्रकारचं वर्गीकरण राज्यभर गाजलं. २७ हा आकडा ऐकून भाऊ हसले होते. शेडमध्ये उभं राहिल्यावर मात्र गप्प झाले. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, वेफर्सची चकाकती पाकिटं वेगळी, चपला वेगळ्या, थर्मोकोल वेगळं, आणि प्रत्येक ढिगाला ठरलेली वाट. प्लास्टिक कापून रस्त्याच्या डांबरात जातं, ओलं बायोगॅसला आणि खताला.

एक ताई दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे वेचत होती. पिशवी उघडताना आपण जो इवलासा त्रिकोण कापून टाकतो तो. तो सुटा पडला की चाळणीतून निसटतो, नाहीतर खतात जातो. म्हणून घरोघरी सांगितलंय की कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. ती म्हणाली, "पयले लोक हसत होते. आता पिशवी देवच्या आधीच सांगतत, बाय, हेच्यात ओला नाय." वेंगुर्ल्याची लोकसंख्या जेमतेम १२ हजार, त्यामुळे हे जमतं, असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा की मग आपल्या गावात एका वॉर्डात तरी का जमत नाही.

ताईंना प्रश्न विचारायचे असतील तर त्यांच्या शेजारी बसून, हातमोजे घालून, थोडं काम करत विचारा. साहेब उभे, त्या बसलेल्या, अशा अवस्थेत कुणी खरं सांगत नाही.

वेंगुर्ल्यात अडचण कुठे आहे तेही बघून घ्या, कारण सामायिक प्रकल्पाची गरज तिथूनच सुरू होते. ओला कचरा गावातच जिरतो. भंगारात जाणारं भंगारवाला नेतो. उरतं ते थरांचं प्लास्टिक, फाटके कपडे, रेक्झिन, फोमचे तुकडे. हे जळण म्हणून सिमेंट भट्टीत जाऊ शकतं, कचऱ्याच्या भाषेत आरडीएफ. वेंगुर्ल्याच्या रोजच्या साडेतीन टन कचऱ्यातून असलं आठवा हिस्सा निघालं तर दिवसाला चारशे-साडेचारशे किलो. पंधरा टनांचा ट्रक भरायला महिना लागतो. तोवर ठेवायचं कुठे, कोकणातल्या पावसात कोरडं राखायचं कसं, आणि आग लागली तर काय? पाच शहरांचं हेच उरलेलं एकत्र केलं तर तोच ट्रक पाच दिवसांत भरतो. मला तरी सामायिक प्रकल्पाचा खरा फायदा एवढाच दिसतो, आणि तो लहान नाही.

वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, मग हायवेने म्हापसा. शुक्रवार टाळा, त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. गाडी नसेल तर म्हापशाहून कळंगुटकडे जाणाऱ्या बसपैकी साळगाववरून जाणारी विचारून पकडा. रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन जवळ. प्रकल्प गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाचा आहे, आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका. पत्रात "अभ्यासदौरा" एवढंच लिहिलंत तर विद्यार्थ्यांना दाखवतात तेवढं दाखवतील. तुम्ही स्थानिक संस्थेचे आहात आणि आवक-जावक, ठेकेदाराशी करार, आरडीएफची वाहतूक यांबद्दल विचारायचं आहे, असं स्पष्ट लिहा. पायात बंद बूट हवेत. मास्क आपला आपण न्या.

आत शिरल्यावर सगळ्यांचे डोळे यंत्रांकडे लागतात. पिशव्या फोडणारं यंत्र, चाळण्या, जड-हलकं वेगळं करणारं उसळतं यंत्र, पट्ट्यावर उभे राहून निवडणारे कामगार, मग ओल्यासाठी पाचक टाक्या, गॅसवर चालणारं जनरेटर, मागे खत. ते बघाच. पण त्याआधी वजनकाट्यापाशी अर्धा तास काढा. गाडी कुठल्या पंचायतीची, ओला आणला की मिसळलेला, किती वाजता आली, हे सगळं काट्यावर उमटतं. सामायिक प्रकल्पात भांडणं इथेच होतात. एका पालिकेने नीट वेगळा करून आणलेला ओला कचरा आणि दुसरीने आणलेला खिचडा यांना एकच दर लावला, तर पहिली पालिका कशाला कष्ट घेईल? आमच्यातल्या एका नगरसेविकेने हाच प्रश्न धरून ठेवला. आपल्याकडे करार करताना दर टनावर नव्हे, प्रतीवर ठरवायचा, आणि मिसळलेली गाडी परत पाठवायचा अधिकार काट्यावरच्या माणसाला द्यायचा, असं तिचं म्हणणं. मला शंभर टक्के पटलं. राजकीयदृष्ट्या ते किती अवघड आहे तेही तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पाचक टाक्यांपाशी हंगामाबद्दल विचारा. डिसेंबरात किनारा भरलेला, जूनमध्ये शॅकच नाहीत. आवक वरखाली होते आणि टाकीतल्या जिवाणूंना असे झटके मानवत नाहीत. मालवणालाही मे महिना आणि नाताळ आहेच. दुसरं म्हणजे शहाळी आणि करवंट्या. त्या ना धड ओल्यात, ना सुक्यात. ओल्यात गेल्या तर यंत्र अडवतात. कोकणातल्या कुठल्याही प्रकल्पाच्या आराखड्यात शहाळ्यांसाठी वेगळी जागा आणि ती कापायची वेगळी सोय हवी. सल्लागाराने नागपूर किंवा पुण्याचा आराखडा नाव बदलून आणला असेल, तर हा रकाना नसतो. त्यावरून तो ओळखता येतो.

शेवटी मागच्या गेटला जा. दाबून बांधलेल्या आरडीएफच्या गठ्ठ्यांतून काय डोकावतंय ते बघत उभे राहा. आम्हाला हॉटेलातल्या पांढऱ्या पातळ चपलांची टोकं आणि नायलॉनची दोरी दिसली. हे गठ्ठे जातात ते कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे. २०१६ च्या घनकचरा नियमांत आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या, इंधन जाळणाऱ्या उद्योगांनी निदान ५ टक्के इंधन आरडीएफचं वापरावं, असं कलम होतं. सिंधुदुर्गापासून १०० किलोमीटरच्या आत सिमेंटची भट्टी कुठे आहे? घाट चढूनच न्यावं लागणार, आणि भाडं आपल्या खिशातून. कुणी "आरडीएफ विकून पैसा मिळेल" म्हणाला, तर ट्रकभाड्याचं कोटेशन त्याच्यापुढे ठेवा.

प्रकल्प बघून झाला की लगेच म्हापशाला परतू नका, पठारावरून खाली गावात उतरा. साळगावात साल्मोना नावाचा झरा आहे. प्रकल्पाला आणि त्याच्या विस्ताराला गावकऱ्यांनी जो विरोध केला, त्यात दुर्गंधीइतकीच या पाण्याची काळजी होती. आपल्याकडचे लोक हे बघतच नाहीत, आणि जागा निवडताना नेमके तिथेच फसतात. कोकणात सरकारी जागा म्हटली की सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. काळा-तांबडा, उघडाबोडका, उन्हाळ्यात कुणी फिरकत नाही, सातबाऱ्यावर पोटखराबा. पण जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस तो पितो आणि पायथ्याच्या वाडीत झऱ्याला, विहिरीला देतो. सड्यावर सांडलेलं लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, कुठे जाईल, ते वाडीतल्या म्हाताऱ्यांना भूगर्भशास्त्राशिवाय कळतं. कुठलाही सडा नक्की करण्याआधी मे महिन्यात त्याच्या चारी बाजूंच्या वाड्यांत जाऊन जिवंत झरे मोजा, आणि नकाशावर मांडा. सल्लागाराच्या अहवालाआधी.

जागेचं आणखी एक गणित भाऊंनी म्हापशात जेवता जेवता मांडलं. त्यांनी नकाशावर कंपास फिरवला. २०१६ च्या त्याच घनकचरा नियमांनुसार लँडफिल, म्हणजे उरलेला कचरा कायमचा पुरायची जागा, नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवं होतं, आणि विमानतळापासून २० किलोमीटर. १० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात करायचं तर विमान वाहतूक खात्याचा ना हरकत दाखला लागायचा. आता चिपी विमानतळापासून २० किलोमीटरचं वर्तुळ काढा. मालवण आणि कुडाळ आत, वेंगुर्लेही जेमतेम आतच. गोव्यातल्या मोपा विमानतळापासून काढा, बांदा आणि सावंतवाडी आत. किनाऱ्याला सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामावरची बंधनं, पूर्वेला आंबोली-दोडामार्गचं जंगल. उरतं काय, तर कणकवलीच्या आसपासचा भाग, म्हणजे दक्षिणेकडच्या गाड्यांना सगळ्यात लांब. लँडफिल २० ते २५ वर्षं चालेल असं असावं, हीही अट होती. शिवाय दिवसाला ५ टनांहून मोठ्या कुठल्याही प्रक्रिया केंद्राभोवती बफर झोन, म्हणजे बांधकाम न करायचा मोकळा पट्टा, ठेवावा लागायचा. भाऊंनी कागदी नॅपकिनवर वर्तुळं काढली तेव्हा टेबलावर कुणाच्या तोंडून शब्द निघेना, आणि तेवढ्यात सुंगटांची किसमूर आली.

वेळ असेल तर दक्षिण गोव्यात काकोडा बघा. तिथला प्रकल्प २०२२ चा, १०० टनांचा, साळगावच्याच धर्तीवरचा. जुन्या गोव्याजवळच्या बायंगिणीत प्रकल्पाचा प्रस्ताव विरोधात का अडकत राहिला, तेही बायंगिणीच्या लोकांना विचारा. गोव्याबाहेर पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात उत्तरपाडा, कोन्नगर, रिशडा, श्रीरामपूर, बैद्यबाटी आणि चांपदानी या सहा पालिकांनी जपानी अर्थसाहाय्याने सामायिक सोय केली. तिची एक बाजू आपल्या कामाची आहे. गोळा करणं आणि ओल्यावरची प्रक्रिया ज्याच्या त्याच्या हद्दीत, आणि शेवटी उरलेलं तेवढं एका ठिकाणी. पण ती शहरं एकमेकांना चिकटून आहेत, हे विसरू नका.

परतीच्या वाटेवर आमचं जवळपास एकमत झालं, भाऊ सोडून. ओला कचरा गावाबाहेर न्यायचाच नाही, कारण त्यात दोनतृतीयांशाहून जास्त पाणी, आणि ते पाणी डिझेल जाळून वळणावळणाने नेण्यात शहाणपण नाही. सामायिक ठेवायचं ते गठ्ठे बांधायचं यंत्र, कोरडं गोदाम, वजनकाटा आणि सिमेंट कारखान्याशी एकच करार. भाऊंचं म्हणणं, ओल्याचं हे गावोगावी टिकणार नाही, मुख्याधिकारी बदलला की बंद पडेल, म्हणून मोठा प्रकल्पच बरा. त्यांच्या शंकेला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तरी बांद्यापर्यंत आम्ही भांडत आलो.

तुम्ही जाणार असाल तर जुलैत जा. उन्हाळ्यात सगळेच प्रकल्प चांगले दिसतात. पावसात गोदामाचं छप्पर, लिचेटच्या टाकीची पातळी आणि आरडीएफचे गठ्ठे कोरडे आहेत की नाहीत, हे न विचारता दिसतं. बरोबर एक तरी माणूस ज्या वाडीजवळ प्रकल्प करायचा विचार आहे तिथला न्या. जागा ठरण्याआधी न्या, नंतर नाही. परतल्यावर तो गावात काय सांगतो, ते तुमच्या पॉवरपॉइंटपेक्षा जास्त लोक ऐकतील.