आमची वाटचाल: दोन साइट्सवरून एकीवर

आम्ही दोघांनी वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं तेव्हा वेबसाइट म्हणजे ९६० पिक्सेल रुंदीची चौकट, हे ठरलेलंच होतं. फोनवर ती कशी दिसते, हे ग्राहक विचारत नसत आणि आम्हीही आपणहून विषय काढत नसू.

मग स्मार्टफोन आले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही मोबाइलसाठी वेगळी साइट करून द्यायला लागलो, पत्त्याच्या आधी 'एम' लावून. बिल दोन साइट्सचं, त्यामुळे आम्ही खूश. पुढे एका ग्राहकाने फोन नंबर बदलला. आम्ही तो मोठ्या साइटवर बदलला आणि छोटीवर विसरलो. कित्येक आठवडे लोक बंद पडलेला नंबर लावत राहिले. ज्यांच्या हातात फोन होता, नेमकी त्यांचीच पंचाईत! चूक सर्वस्वी आमची. ग्राहक गेला तो गेलाच.

'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्येच दिलं होतं: प्रवाही ग्रिड (रुंदीप्रमाणे ताणले-आकसणारे रकाने), लवचीक चित्रं, मीडिया क्वेरी (पडद्याची रुंदी बघून मांडणी बदलणारे नियम). एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, एकच; मांडणी पडद्याप्रमाणे. आम्ही तिकडे वळलो उशिरा, आणि तेही अर्धवट. ३२०, ७६८, १०२४ पिक्सेल असे ठरावीक ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी जिथे बदलते त्या रुंदी, टाकले. नव्या मापांचे फोन आले आणि मधल्याच रुंदीवर मेनू दोन ओळींत कोसळायला लागला. आता ब्राउझरची खिडकी हळूहळू ओढत नेतो. मजकूर जिथे अवघडतो, ब्रेकपॉइंट तिथे. फोनच्या मॉडेलचं नाव काढायचं नाही, असा ऑफिसात नियमच आहे.

'मोबाइल आधी', म्हणजे लहान पडद्यापासून सुरुवात करण्याचा खरा फायदा मला कोडपेक्षा बैठकीत दिसला. फोनच्या ३६० पिक्सेलमध्ये सरकत्या चित्रांचा स्लायडर, बातम्यांची पट्टी आणि संचालकांचं मनोगत एकदम मावत नाही. वर काय ठेवायचं हे ग्राहकालाच ठरवावं लागतं. पूर्वी आम्ही डेस्कटॉपचं पान करून नको ते फोनवर लपवायचो. लपवलेली चित्रंही बहुधा डाउनलोड व्हायचीच, फुकट डेटा खात.

पण 'मोबाइल आधी' हा काही धर्म नव्हे. साठ्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर केलं, तेव्हा बारा रकान्यांचा तक्ता दिवसभर मोठ्या पडद्यावरच वापरला जाणार होता. तिथे डेस्कटॉपपासूनच निघालो आणि फोनवर फक्त शोध ठेवला.

फेब्रुवारी २०२३ पासून कंटेनर क्वेरी सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतात. त्यांमुळे कार्ड, म्हणजे पानावरची माहितीची छोटी चौकट, पडद्याची नव्हे, स्वतःच्या जागेची रुंदी बघून मांडणी बदलतं. जुन्या साइट्स सध्या एकेक करून तशा बदलतोय. फोन नंबर मात्र आता एकाच फाइलमध्ये असतो.