सोले, सोलं आणि मानांगचा रस्सा

माझे बाबा साखर कारखान्यात इंजिनिअर. 1991 ते 1997 आम्ही फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर, बाकोलोद शहराजवळ राहिलो. सगळा उसाचाच मुलूख. घरकाम करायला आणि आम्हा भावंडांना सांभाळायला मानांग होती. तिथल्या हिलिगायनोन भाषेत मोठ्या बहिणीला मानांग म्हणतात, तेच आमच्यासाठी तिचं नाव. शाळेतून पावसात भिजून आलो की ती केबीएल करायची. काद्योस, बाबॉय, लांका यांची ही आद्याक्षरं: काळे दाणे, डुकराचं मटण आणि कच्चा फणस. बटवन नावाच्या हिरव्या आंबट फळात शिजवलेला जांभळट, करडा, पातळ रस्सा. गरम भातावर ओतला की आधी धुराचा वास यायचा आणि मग आंबट वाफ.

लग्नानंतर मी अमरावतीच्या वारकरी घरात आले आणि 2009 मध्ये स्वतःहून माळ घातली. मांसाची आठवण मला येत नाही. केबीएलची मात्र यायची, तापातून उठल्यावर तर फार.

पहिल्यांदा केला तेव्हा राजमा, चिंच आणि मटणाच्या जागी टोफू घातला. चिंचेने त्याचं सरळ सार झालं. चव वाईट नव्हती, पण त्यात बाकोलोद कुठेच नव्हतं. टोफू तर रश्श्यात नुसता तरंगत राहिला. पुढे दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्या घालून पाहिल्या. त्यांचा वास सगळ्या रश्श्याला लागायचा. मटणाची जागा भरायची म्हणून मी काहीतरी शोधत होते, आणि तिथेच चुकत होते.

वाट सापडली ती एका शब्दामुळे. माझं आजोळ सावंतवाडीचं. आमच्याकडे आमसुलांना सोलं म्हणतात. पौष महिना होता. आमटीत टाकायला म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "आई, सोलं आहेत का घरात?" त्या म्हणाल्या, "हायेत ना, आत्ताच सोलले," आणि तुरीच्या ओल्या दाण्यांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. विदर्भात ओल्या तुरीच्या दाण्यांना सोले म्हणतात. त्यात काही शेंगा जुन्या गावठी तुरीच्या होत्या, दाण्यांवर काळसर जांभळी छटा असलेल्या. मी एक दाणा दाताखाली धरला आणि थांबले. हा काद्योस होता. मानांगच्या मांडीशी बसून मी ज्या शेंगा सोलायचे, त्या तुरीच्याच होत्या. लहानपणी तूर म्हणजे फक्त पिवळी डाळ माहीत, म्हणून इतकी वर्षं ओळख पटली नव्हती.

मग बटवनचा शोध घेतला. ते गार्सिनिया वंशातलं झाड आहे, आपला कोकमही त्याच वंशातला. म्हणजे मला एकाच रश्श्यात सोलेही हवे होते आणि सोलंही.

राहिला फणस. कोवळ्या फणसाला कोकणात कुयरी म्हणतात. ती बाजारात येते शिमग्याच्या आगेमागे, आणि तोवर सोल्यांचा हंगाम सरत आलेला असतो. म्हणून सोले सोलून फ्रीझरमध्ये ठेवले आणि मामेबहिणीकडून कुयरी मागवली.

त्या दिवशीही एक घोटाळा झालाच. आमसुलं मी सुरुवातीलाच घातली. तासभर उकळूनही तूर कचकचीतच. आंबटात कडधान्य शिजत नाही, हे आमटी करताना कधी विसरत नाही, इथे विसरले. सगळं पुन्हा केलं.

आता असं करते. अर्धी वाटी काळपट सालीची अख्खी तूर रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवते, रश्श्याचा रंग तिच्यामुळे येतो. मानांग डुकराचा पाय आधी कोळशावर भाजून घ्यायची. धुराचा वास तिथून यायचा, आणि मला मटणाऐवजी तोच हवा होता. म्हणून हाताला तेल लावून अर्धा किलो कुयरी चिरते (चीक फार असतो), जाड फोडींना घाण्याचं शेंगदाणा तेल चोळून निखाऱ्यावर कडा काळ्या होईपर्यंत भाजते. एक कांदा आणि दोन टोमॅटोही तिथेच भाजायचे. मग सहा वाट्या पाण्यात हे सगळं, दोन वाट्या सोले, शिजलेली तूर आणि गवती चहाची एक जुडी घालून फणस मऊ होईपर्यंत मंद उकळायचं. मीठ, आणि अगदी शेवटी आठ-दहा आमसुलं. मानांग रताळ्याचा कोवळा पाला टाकायची, मिळाला तर मीही टाकते. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. सासूबाईंना पहिल्यांदा हे पटेना. "निदान जिरं तरी घाल," म्हणाल्या. त्यांच्या वाटीत वरून जिऱ्याची फोडणी दिली, माझ्या पातेल्यात नाही.

चरबीचा तवंग आणि त्याचा जडपणा यात येत नाही. घाण्याच्या तेलाने थोडा भास होतो, तेवढाच.

मागच्या शिमग्याला बाबा आले होते. आता ते फार बोलत नाहीत. भातावर रस्सा घेतला, दोन घास खाल्ले आणि मला विचारलं, "बटवन कुठे मिळालं तुला?"

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो. आमसुलं तेवढी रात्रीच काढून ठेवायची, नाहीतर सकाळपर्यंत फार आंबट होतो.