स्टेमेटिल किती दिवस घ्यायची?

चक्करची गोळी म्हणून घरोघरी ठेवलेली स्टेमेटिल मुळात मनोविकारावरील औषधांच्या गटातली आहे, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. तिच्यातील प्रोक्लोरपेराझिन मेंदूतील डोपामिन या संदेश वाहणाऱ्या रसायनाचे काम अडवते. त्यामुळे उलटीची भावना शमते, पण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागालाही तोच डोपामिन लागतो, आणि दुष्परिणामांचे मूळ तेथे आहे.

मोठ्या माणसाला कानाच्या विकाराने येणाऱ्या चक्करेसाठी साधारणतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा देतात आणि त्रास ओसरताच मात्रा उतरवतात. उलटी थांबतच नसेल, तर स्नायूत १२.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देता येते. तीव्र मनोविकारात मात्रा याच्या कित्येक पट असते, मात्र त्यासाठी हे औषध आता फारसे वापरत नाहीत. दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये. तरुणांत आणि मुलांत एखाद्या मात्रेनंतरही मान वाकडी होणे, जबडा आवळणे, डोळे वर फिरणे असे घडू शकते; घरचे फिट आली समजून घाबरतात, परंतु प्रोमेथाझिनसारख्या औषधाच्या इंजेक्शनने हा त्रास बहुधा लवकर उतरतो.

मला खरी काळजी वाटते ती वृद्धांची. चार दिवसांसाठी लिहिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने चालू राहते, मग चाल मंदावते, हात थरथरतो, चेहरा निर्विकार होतो, आणि गोळीकडे कोणाचे लक्ष नसल्यामुळे पार्किन्सनचे निदान होऊन त्यावर आणखी एक औषध सुरू होते. उभे राहताच रक्तदाब उतरतो, म्हणजे चक्कर आणखी वाढते. शिवाय कानाचा तोल बिघडल्यावर मेंदू स्वतःला जुळवून घेत असतो. ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास ते जुळवून घेणेच लांबते. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल, तर कानातील कण सरकल्याची शक्यता मोठी असते, आणि तेथे गोळीपेक्षा डोके विशिष्ट क्रमाने वळवण्याची एप्ली पद्धत अधिक उपयोगी ठरते.

म्हणून कंप किंवा मंदपणा नव्याने दिसला, तर घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवावीत. बरेच महिने घेतलेली गोळी त्यांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने बंद करावी, आणि सुधारणा दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. या गोळीमुळे सुरू झालेली ओठ-जिभेची आपोआप होणारी हालचाल मात्र औषध थांबवल्यावरही कधी कधी कायमची राहते.