गिझरचा सॉकेट का तापतो? मीटरला विचारा

व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर. शाळेतलं हे गणित पुरेसं आहे. गफलत होते ती रीडिंग घेताना. दोन्ही आकडे एकाच वेळी आणि लोड, म्हणजे उपकरण, चालू असतानाच घ्यायला हवेत.

मुंबईच्या फ्लॅटमधला २००० वॉटचा गिझर घ्या. हे वॉट २३० व्होल्टला धरले, तर करंट ८.७ अँपिअर आणि रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम. समजा, गिझरच्या टर्मिनलवर २२६ व्होल्ट आणि ८.५ अँपिअर मिळाले. म्हणजे २६.६ ओहम, १९२१ वॉट. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, ठणठणीत आहे, पॉवर उतरली ती व्होल्टेजमुळे. २१० व्होल्टला हाच गिझर जेमतेम १६७० वॉट घेईल आणि पाणी तापायला वेळ लागेल.

करंट मोजताना क्लॅम्प मीटरच्या (वायर न तोडता, तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) जबड्यात फेजची एकटी वायर घ्या. अख्खी केबल पकडली तर जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात, मीटर शून्य दाखवतो. सोयीची जागा म्हणजे डीबीत (घरातल्या वायरिंगचा मुख्य बॉक्स) एमसीबीतून (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) गिझरकडे निघणारी वायर. साध्या मल्टिमीटरची लीड अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात, तर थेट शॉर्ट सर्किट होतं. चालू लाइनवर झाकणं उघडायचं हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

आता खरी गंमत. गिझर चालू असतानाच डीबीत २३२.५ व्होल्ट आहेत आणि गिझरच्या टर्मिनलवर २२६. वाटेत ६.५ व्होल्ट गेले. भागिले ८.५, म्हणजे ०.७६ ओहम. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन २० मीटरचे जेमतेम ०.१६ ओहम होतात. उरलेले ०.६ ओहम बहुधा एखाद्या लूज जोडात आहेत. करंटचा वर्ग गुणिले ०.६ म्हणजे ४३ वॉट. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवते, इथे त्याहून जास्त उष्णता सॉकेटच्या एवढ्याशा पितळी पत्तीवर साचतेय. सॉकेट पिवळा पडतो, जळका वास येतो, आणि एमसीबी मात्र पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

असा सॉकेट स्क्रू आवळून सुधारत नाही. तापून पत्तीचा ताण गेलेला असतो, त्यात मुंबईची खारी, दमट हवा. १६ अँपिअरचा नवा सॉकेट आणि प्लग टॉप दोन्ही बदला, काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा.

एलिमेंट बंद अवस्थेतही तपासता येतं. प्लग काढून फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये २६ ओहमच्या आसपास दिसायला हवेत. गिझरचा स्विच आणि थर्मोस्टॅट चालू हवेत, पाणी गार हवं, नाहीतर सर्किट तुटलेलं दिसेल आणि चांगलं एलिमेंट फुकट बदललं जाईल. ही युक्ती फिलामेंटच्या बल्बला लावू नका: १०० वॉटच्या बल्बचे पेटल्यावर ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पंखा, एसी यांना तर नुसता गुणाकारही चालत नाही, तिथे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा खरी पॉवर आहे ते सांगणारा आकडा.

सॉकेट बदलून झाला की डीबी आणि टर्मिनल पुन्हा मोजा. फरक दीड व्होल्टच्या आत यायला हवा. नाही आला, तर दुसरा लूज जोड स्विचमागे शोधा.