पाहुण्यांना आधी त्या लाकडी घरात का नेते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. न्यू जर्सीत पार्सिपनीला आमच्याकडे भारतातून कुणी आलं की न्यूयॉर्कच्या आधी मी त्यांना इथल्या रूट १० जवळच्या एका ओंडक्यांच्या घरात घेऊन जाते. मंडळातले सगळेच विचारतात, "त्या जुन्या खुर्च्या-टेबलांत एवढं काय आहे?"

ते घर गुस्ताव स्टिकली ह्या अमेरिकन फर्निचर कारखानदाराचं. जन्म १८५८चा, विस्कॉन्सिन राज्यातला. हे पाच भाऊ, आणि पाचही जण फर्निचरच्या धंद्यात. त्या काळी अमेरिकन दिवाणखाने कोरीवकामाने लगडलेल्या फर्निचरने भरलेले असत. १९००च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळच्या ईस्टवुडच्या कारखान्यातून गुस्तावने साधं, सरळ रेषांचं, दणकट ओकचं सामान बाहेर काढलं. ओंडका असा चिरायचा की फळीवर चमकदार पट्टे उमटावेत. मग तयार वस्तू बंद जागेत अमोनियाच्या वाफेवर ठेवायची. ओकमधल्या टॅनिनमुळे लाकूड स्वतःच तपकिरी होतं.

गेल्या जूनमध्ये मिरजेहून माझे मामा आले होते. उभा जन्म सुतारकामात गेलेला. बाकीचे छत बघत होते आणि मामा एका खुर्चीपाशी थबकले. हात लावायची परवानगी नाही, म्हणून हात पाठीमागे बांधून वाकले आणि खालून-वरून बघत राहिले. खुर्चीच्या पायाचं टोक हात टेकवायच्या फळीतून आरपार वर आलं होतं. "आम्हाला जोड लपवायला शिकवलं गं," मामा म्हणाले, "ह्याने दाखवायलाच ठेवलाय." गुस्तावच्या सामानावर कंपासची खूण असते आणि तिच्यात जुने फ्लेमिश शब्द, 'आल्स इक कान', म्हणजे 'मला जमेल तसं'. मामांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

१९०१मध्ये त्याने 'द क्राफ्ट्समन' हे मासिक काढलं. त्यात घरांचे आराखडे असत, आणि वाचकाला घरच्या घरी फर्निचर करता यावं म्हणून नकाशेही. आपलीच विद्या अशी वाटून टाकणारा कारखानदार मला फार मोठा वाटतो. १९०८पासून त्याने इथे न्यू जर्सीत जमीन घ्यायला सुरुवात केली. मुलांसाठी शेतीची आणि हस्तकलेची शाळा काढायची होती. ती उभी राहिली नाही, पण हे घर राहिलं.

मग १९१३मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये बारा मजली इमारत भाड्याने घेतली. सामानाची दालनं, मासिकाची कचेरी, वर रेस्टॉरंट, आणि त्या रेस्टॉरंटला दूधभाजी इथल्याच जमिनीवरच्या शेतातून. १९१५मध्ये दिवाळं निघालं. १९१६च्या अखेरीस मासिक बंद पडलं, १९१७मध्ये ही जमीनही विकावी लागली.

लोक म्हणतात, फॅशन बदलली. बदललीच होती, गिऱ्हाईक पुन्हा जुन्या वसाहतकाळच्या धर्तीचं सामान मागू लागलं होतं. नकला करणारेही पुष्कळ झाले होते, त्यात त्याचे सख्खे भाऊसुद्धा. पण मला वाटतं, खरा घाव त्या इमारतीचा. टेबलं-खुर्च्या विकून येणाऱ्या पैशावर मासिक, शेती आणि मॅनहॅटनचे बारा मजले एकाच वेळी कसे पोसले जाणार? साधेपणा शिकवणाऱ्या ह्या माणसाला कुणीतरी वेळेवर हात धरून थांबवायला हवं होतं, असं त्या घरात उभं राहिलं की दर वेळी वाटतं.

पुढे त्याचा कारखाना भावांच्याच हाती गेला. लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज ह्या दोघांची कंपनी तगली. १९७४मध्ये ती ऑडी दांपत्याने घेतली आणि १९८९मध्ये तीच जुनी ओकची घडण पुन्हा बाजारात आणली. गुस्ताव मात्र सिरॅक्यूजला मुलीच्या घरी राहिला. म्हातारपणीही लाकडावर द्यायच्या नव्या लेपांचे प्रयोग चालूच होते. १९४२मध्ये तो गेला. त्याच्या स्वतःच्या घरातलं भांड्यांचं कपाट १९८८मध्ये लिलावात ३ लाख ६३ हजार डॉलरला गेलं, गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने घेतलं.

इथल्या जागेवर ओळीने घरं बांधायचा घाट घातला होता. १९८९मध्ये आपल्या पार्सिपनीच्या टाउनशिपने ती ताब्यात घेतली, म्हणून आज तिथे संग्रहालय आहे.

तुमचे आईबाबा दिवाळीनंतर येतायत म्हणालात. बाबांना लाकडाची आवड आहे ना? मग मला कळवा, मीच घेऊन जाईन.