'रिंग' श्रवणनोंद : 'राइनगोल्ड' पूर्ण, 'वाल्क्यूर'चा पहिला अंक

'रिंग' म्हणजे वाग्नरची चार ऑपेरांची मालिका: 'राइनगोल्ड' पहिला, 'वाल्क्यूर' दुसरा, 'झीगफ्रीड' तिसरा. ध्वनिमुद्रण वाद्यवृंद-संचालक शोल्टींचं, व्हिएन्नाच्या सोफियनझालमधलं, 'राइनगोल्ड' १९५८चं. समोर क्लिंडवर्थची पियानो-स्वरलिपी (गाणं आणि पियानोवर उतरवलेला वाद्यवृंद). अख्ख्या वाद्यवृंदाची स्वरलिपी नवख्याने घेऊ नये, पान सापडेपर्यंत गाणं पुढे जातं. प्रत्येक प्रवेश दोनदा: आधी नुसते शब्द, मग स्वरलिपी.

हेडफोन लागतोच. 'राइनगोल्ड'च्या सुरुवातीचा ई-फ्लॅट हा सूर इतका खाली आहे की डबल बासची तार उतरवावी लागते. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो येत नाही आणि पाचव्या बारला (बार म्हणजे स्वरलिपीतला मात्रांचा एक गट) बसून ही फुंकवाद्यं वाजली की तीच सुरुवात वाटते. सतराव्यापासून आठ हॉर्न एकामागून एक शिरतात. १३६ बार, एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच रुचतं. पण इथे राग उलगडत नाही, नुसते थर चढतात.

खरी अडचण सूत्रधुनांच्या, म्हणजे पात्र, वस्तू किंवा भावनेशी जोडलेल्या, परत परत येणाऱ्या धुनांच्या नावांची. ती बहुतेक वोल्त्सोगेनच्या १८७६च्या मार्गदर्शिकेपासून चालत आलेली. 'प्रेमत्याग' ही धून जलकन्या वोगलिंडे गाते: प्रेम सोडेल त्यालाच राइन नदीतल्या सोन्याची अंगठी घडवता येईल. तीच धून 'वाल्क्यूर'मध्ये नायक झीगमुंड झाडातली तलवार उपसताना गातो, तेही ऐन प्रेमाच्या भरात! नाव धरून बसलात तर इथे फसलात. म्हणून वहीत रकाने असे: प्रवेश, कोण गातं, कोणतं वाद्य, त्या वेळचे शब्द. नाव शेवटी, पेन्सिलीने.

पहिल्या-दुसऱ्या प्रवेशामधला सांधा तीनदा ऐका. अंगठीची अस्वस्थ धून हळूहळू निवळते आणि डी-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीत वालहालची, म्हणजे देवांच्या किल्ल्याची, धून होऊन बसते. तिथल्या चार वाग्नर ट्यूबा (वाग्नरने बनवून घेतलेली पितळी वाद्यं) हॉर्नवालेच वाजवतात. सोनं चोरणाऱ्या बुटक्या आल्बेरिशची अंगठी आणि देवांचा राजा वोटानचा किल्ला एकाच मातीचे, हे तोवर कोणी बोललेलं नसतं.

निबेलहाइम या बुटक्यांच्या भूमिगत प्रदेशातल्या १८ ऐरणी या मुद्रणात स्पष्ट. तिथल्याच मीमेसाठी (आल्बेरिशचा लोहार भाऊ) वेगळं पान केलंय. संहितेत त्याला कुठेही ज्यू म्हटलेलं नाही, तरी जर्मन तत्त्वज्ञ अडॉर्नोला मीमे आणि आल्बेरिश ही ज्यूंची व्यंगचित्रं वाटली. वाग्नरचा ज्यूद्वेष्टा लेख १८५०चा, टोपणनावाने. १८६९ला स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. त्यात ज्यूंच्या बोलण्याची जी हेटाळणी आहे ती आधी वाचावी, मग मीमेच्या ओळी ऐकाव्यात. गायक हशा मिळवायला जितका किरकिरतो, तितकं ते साम्य उघडं पडतं. 'झीगफ्रीड'मध्ये हे पान भरेल.

'झीगफ्रीड'चं काम १८५७ला दुसऱ्या अंकाशी अडलं, तिसरा १८६९ला सुरू झाला; मध्ये 'ट्रिस्टान' आणि 'माइस्टरझिंगर' हे त्याचेच दुसरे ऑपेरा. त्या तिसऱ्या अंकाला नवी वही.